कनकीच्या भावाची बॅग

आमच्या गावात तुटलेल्या तांदळाला स्वतःचं नाव आहे, स्वतःचा भाव आहे. नाव कनकी. बाकी महाराष्ट्रात तिला कणी म्हणतात. गोंदियाच्या कुठल्याही राइस मिलमध्ये एका बाजूनं धान शिरतं आणि दुसऱ्या बाजूनं तांदूळ, कोंडा, कनकी अशी मंडळी आपापल्या वाटेनं बाहेर पडतात. कनकीला कोणी अख्ख्या तांदळाच्या पोत्यात लपवून विकलं तर तो अप्रामाणिकपणा. कनकी म्हणून विकली तर तो धंदा. घेणाराही मान खाली घालून घेत नाही. घरी नेऊन शिजवल्यावर भात मोकळा झाला नाही, गिचका झाला, अशी तक्रार घेऊन परतही येत नाही. कनकीचा गिचकाच होणार, हे त्याला पैसे देतानाच माहीत असतं.

सरकारलाही यात संकोच नाही. सरकारी खरेदीच्या निकषांत कच्च्या तांदळात २५ टक्क्यांपर्यंत तुकडा चालत आला आहे. म्हणजे चार दाण्यांतला एक तुटका असणार, हे कागदावर लिहून, शिक्का मारून ठरलेलं. इतकं स्पष्ट तर आमच्याकडे लग्नाच्या बोलणीतही कोणी बोलत नाही.

हे सगळं आठवायचं कारण एक बॅग.

मुलीला पुण्यात नोकरी लागली. नोकरीपेक्षा मोठी बातमी म्हणजे घरात चाकांची बॅग घ्यायची वेळ आली. तिची आई, ती आणि मी असे तिघं गोरेलाल चौकाच्या बाजारात गेलो. दुकानाच्या बाहेरच बॅगा एकावर एक रचलेल्या, लग्नातल्या पाहुण्यांसारख्या, सगळ्या नव्या कपड्यांत आणि सगळ्या थोड्या अवघडलेल्या. कुठल्या बॅगेवर पॅरिस, कुठल्यावर लंडन. एकीवर प्रसिद्ध कंपनीचं नाव होतं, फक्त मधलं एक अक्षर रजेवर गेलेलं.

आमच्या बाजाराची भाषा हिंदी. घरी मराठी, पोवारी, झाडीबोली, गोंडी काहीही बोलणारा माणूस भाव करायला लागला की हिंदीत शिरतो. मीही शिरलो.

"ये इम्पोर्टेड है, सर."

"कहाँ से?"

"बाहर से."

आमगावच्या माणसाला गोंदिया बाहेर, गोंदियाच्या माणसाला नागपूर बाहेर. त्यामुळे उत्तरात खोटं काही नव्हतं.

"गॅरंटी?"

"गॅरंटी का क्या है सर, दुकान तो यहीं है."

ही गॅरंटी मात्र अक्षरशः खरी ठरली. दुकान अजून तिथंच आहे.

बॅगेच्या चिठ्ठीवर छापील किंमत ७,९९९ रुपये होती. आम्हाला पडली १,४५०. येताना ऑटोत मी हिशोब करून सांगितलं, की आज आपण ६,५४९ रुपये वाचवले. सौभाग्यवती म्हणाल्या, "मग दाखवा न जी, कुठं आहेत ते?" छापील किमतीचा हा खेळ अजब आहे. ती किंमत कोणी कधी दिलेली नसते, देणारही नसतो. ती नवरदेवाच्या घोड्यासारखी असते, मिरवायला आणलेली. पण तिच्यामुळे १,४५० रुपयांची बॅग घेणारा माणूस आपण १,४५० ची बॅग घेतली असं समजतच नाही. तो आठ हजारांची बॅग घरी आणतो, आणि अपेक्षाही आठ हजारांच्या ठेवतो. आमच्या पुढच्या सगळ्या दुःखाचं मूळ या चिठ्ठीत होतं.

मी बॅग तपासून घेतली नाही असं कोणी म्हणू नये. टरबुजाला मारतात तशी टिचकी मारून पाहिली. आत हात घालून दुकानदारानं कोंबलेले कागदाचे बोळे चाचपले. हँडल वर ओढलं, खाली सारलं. आकड्यांचं कुलूप फिरवून पाहिलं. ते तीन शून्यांवर उघडलं, तेव्हा मला बरं वाटलं. घरी गेल्यावर कळलं, की ते कोणत्याही आकड्यावर उघडतं. त्यामुळे आकडा विसरण्याची भीती मात्र कायमची गेली.

पुढं कधीतरी कायदा चाळताना माझी ती टिचकी मला नडली असती हे लक्षात आलं. १९३० च्या माल विक्री अधिनियमातलं कलम १६ सांगतं, की त्या मालाचा धंदा करणाऱ्यानं विकलेली वस्तू विकण्याजोग्या दर्जाची असली पाहिजे. वाचून छाती फुगते. लगेच पुढं लिहिलंय, की घेणाऱ्यानं वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल त्याला हे कलम वापरता येणार नाही. म्हणजे इंग्रजांच्या काळापासून कायद्याला माहीत होतं, की गोंदियाचा एक गृहस्थ बॅगेला टिचकी मारून 'ठीक आहे' म्हणणार आहे.

मुलीच्या आईची एक ठाम समजूत आहे, की पुण्यात तांदूळ मिळत नाही. मिळतो तो तांदूळ नसतो. म्हणून बॅगेत आधी घरच्या शेतातला चिन्नोर पाच किलो गेला. मग लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, चकल्यांचा डबा. उरलेल्या जागेत मुलीचे कपडे. चेन लावायला मी बॅगेवर बसलो, मुलीनं दोन्ही बाजू आवळल्या आणि तिच्या आईनं रनर ओढला. तिघांच्या मेहनतीनं बॅग बंद झाली. त्या वेळी चेन जो आवाज करत होती, त्याला मी प्रगतीचा आवाज समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराष्ट्र एक्सप्रेस होती. ही गाडी आमच्या जिल्ह्याचा अभिमान आहे. गोंदियाहून निघते आणि कोल्हापूरला थांबते. राज्याच्या पूर्व टोकाला सकाळी बसलेला माणूस पुण्यात दुसऱ्या दिवशी उतरतो, आणि सगळा वेळ तो महाराष्ट्रातच असतो. स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येतं. रेल्वेनं ४० किलो माफ केले, बॅगेनं केले नाहीत. स्टेशनवरच्या पुलाच्या जिन्यावर, मधल्या पायरीवर, चेन मधोमध उघडली. टोकं दोन्ही बंद, पोट फाटलेलं. चकल्या तीन पायऱ्या खाली गेल्या. चिन्नोर सुदैवानं पिशवीत होता.

एका हमालानं खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या गाठीतून नायलॉनची दोरी काढली आणि बॅगेला उभी-आडवी बांधली. मग मुलीकडं पाहून तो शांतपणे म्हणाला, "यापरीस चुंगडी बरी होती ताई."

चुंगडी म्हणजे आमच्याकडचं पोतं. राइस मिलच्या गावातला माणूस हे बोलतो तेव्हा ती थट्टा नसते, ते तज्ज्ञाचं मत असतं. धान्याचं ५० किलोचं तागाचं पोतं स्वतः ५८० ग्रॅमचं असतं. स्वतःच्या वजनाच्या शहाऐंशी पट ओझं उचलतं, पाठीवरून फेकलं जातं, हुकानं ओढलं जातं. एकदा वापरलं की त्याला एकभरती म्हणतात आणि त्याचा भाव उतरतो. नवं बारदान वेगळं, एकभरती वेगळं, फाटकं वेगळं. कोणत्या पोत्यात किती दम उरलाय, याचा बाजारात उघड हिशोब असतो. पोत्यावर पॅरिस लिहिलेलं नसतं.

गाडी सुटल्यावर मला वडिलांची पेटी आठवली. पत्र्याची, हिरव्या रंगाची. झाकणावर पेंटरनं पांढऱ्या अक्षरांत नाव, मुक्काम, पोस्ट आणि खाली 'जि. भंडारा' असं लिहिलेलं आहे. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा झाला. पेटी मात्र अजून भंडारा जिल्ह्यातच आहे. तिचा पत्रा बदलला नाही, कडी बदलली नाही, फक्त जिल्हा बदलला. छोट्या लाईनच्या गाडीनं वडील बालाघाटकडं नोकरीला जायचे तेव्हा ही पेटी बाकाखाली जात नसे म्हणून दारापाशी उभी असे, आणि वडील तिच्यावर बसून प्रवास करत. जागा मिळवून देणारी ती एकमेव बॅग मी पाहिली.

'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यानं ती पेटी एकदा रिकामी उचलून पाहावी. माझ्या डाव्या नडगीवर तिच्या कोपऱ्याची खूण आहे. आमच्या घरातल्या निम्म्या पँटी तिनं फाडल्या. तिचा टिकाऊपणा खरा, पण तो तिच्या पत्र्यातून जितका आला, तितकाच हमालाच्या मानेतून आला. पेटी टिकली, कारण झिजायचं काम दुसऱ्याकडं होतं.

मधल्या पिढीची कडक सूटकेस अशीच. १९७१ साली सुरू झालेल्या व्हीआयपीनं तिला इतकं घरोघरी नेलं, की आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या सूटकेसला 'व्हीआयपी' म्हणत. लग्नात नवरीबरोबर एक यायचीच. आमच्या कपाटावर ती आजही आहे, ओरखडा नाही. आत दोन शालू आणि डांबराच्या गोळ्या. ती चाळीस वर्षं टिकली याचं कौतुक मी अनेकदा ऐकलं आहे. ती चाळीस वर्षांत दोनदा घराबाहेर गेली, हे कोणी सांगत नाही.

आणि चाकं. पूर्वी चाकं रिक्षाला असत, हमालाच्या गाड्याला असत, सामानाला नसत. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकी माणसाला विमानतळावर सूटकेसी ओढताना ही कल्पना सुचली आणि १९७२ साली त्याला पेटंट मिळालं. त्याची बॅग आडवी होती, पट्ट्यानं ओढायची, बोकडासारखी. उभी बॅग, दोन चाकं आणि वर ओढायचा दांडा, ही रचना १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकानं केली. दोघांच्याही डोळ्यांसमोर विमानतळाची गुळगुळीत फरशी होती. रेलटोलीतल्या आमच्या गल्लीत अशी फरशी एकदाही आलेली नाही. आमच्याकडे मुरूम आहे, नालीवरची हलती फरशी आहे, पावसाळ्यात चिखल आहे, आणि अर्धं गाव रुळांच्या अलीकडे आणि अर्धं पलीकडे असल्यामुळे जिना आहे. सुपारीएवढ्या चाकांनी यातून वाट काढावी ही अपेक्षा स्वस्त बॅगेकडून काय, महागडीकडूनही जरा जास्तच आहे. फरक इतकाच, की महागडी बॅग असलेला माणूस तिला उचलून नेतो.

दोन महिन्यांनी मुलगी परत आली तेव्हा बॅग तिच्यासोबत होती, दोरीसकट. मी ती घेऊन बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. फूटपाथवर शिलाई मशीन, समोर डब्यांत वेगवेगळ्या मापाचे रनर, भिंतीला टेकून शाळेची दप्तरं रांगेत. सरकारी दवाखान्यासारखी गर्दी, पण इथं डॉक्टर जागेवर.

"चेन बदलावी लागेल काय?"

त्यानं बॅग उलटसुलट केली. "चेनले काही झाला नाही जी. रनर ढिला झाला."

मग त्यानं मला जे दाखवलं, ते दुकानदारानं आधी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. चेनचे दात एकमेकांत अडकवायचं काम रनर करतो. त्याच्या आत दोन जबडे असतात. फार ताण दिला की हलक्या धातूचे जबडे किंचित फाकतात आणि मग तो नुसता दातांवरून फिरतो, त्यांना आवळत नाही. त्यानं पक्कडीनं रनर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला. चेन लागली. मग म्हणाला, "हा काही दिवस चालन. मंग नवा टाकून देईन."

मी त्याला विचारलं, की बॅग बेकार निघाली ना? त्याला हा प्रश्न आवडला नाही. रोज पन्नास बॅगा उघडणाऱ्या माणसाचा बॅगेबद्दलचा राग केव्हाच मावळलेला असतो.

"कपडा मरत नाही जी, टाका मरते," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं असं. गिऱ्हाईक दुकानात कापड चोळून पाहतं, आणि दुकानदार त्याला डेनियर सांगतो. सहाशे डेनियर, बाराशे डेनियर. (डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा जाड आहे एवढंच त्यातून कळतं. तो किती दाट विणलाय आणि कशानं शिवलाय, ते कळत नाही.) पण बॅग कापडात फाटत नाही. ती जिथं पट्टा अंगाला जोडलाय तिथं सुटते, जिथं हँडलची पाटी दोन रिबिटांवर लटकलेली असते तिथं निखळते, चाकाच्या खोबणीत तडकते. स्वस्त बॅग बनवणारा माणूस मूर्ख नसतो. गिऱ्हाईक जिथं हात लावतं तिथं तो पैसा घालतो, आणि जिथं लावत नाही तिथून काढतो. पट्ट्याच्या टोकाला चौकोन आणि आत फुली अशी शिलाई आहे का, ते पाहायला फारसं कोणी वाकत नाही. म्हणून ती एका सरळ टाक्यात उरकते.

त्यानं कोपऱ्यातली एक काळी बॅग दाखवली. तिच्या वरचं चामड्यासारखं आवरण पोपडे येऊन गळत होतं. "हे पाहा. हे कुठं गेलीच नाही. माळ्यावरच मेली." रेक्झीनच्या नावानं विकलं जाणारं ते पॉलियुरेथेनचं पातळ आवरण दमट हवेत हळूहळू सुटत जातं, आणि दमट हवा आमच्याकडे पावसाळ्यात चांगली चार महिने मुक्कामाला असते. जपून ठेवलेली बॅगही जपल्यामुळे वाचतेच असं नाही. हे ऐकून मला कपाटावरच्या सूटकेसबद्दल आदर वाटला.

निघताना त्यानं विचारलं, "यात काय भरला होता?"

मी पाच किलो चिन्नोर म्हणालो. तो काही बोलला नाही. पक्कड डब्यात ठेवली आणि पुढच्या दप्तराची चेन उघडली.

त्या दिवसापासून मी विचार करत होतो, की १,४५० रुपयांत मी नेमकं काय मागू शकतो. जन्मभराची सोबत मागणं चूक, हे मान्य. ती कनकी आहे, तिचा भात मोकळा होणार नाही. चाकं कुरकुरतील, दांडा डुगडुगेल, अस्तर पहिल्याच वर्षी उसवेल, हे सगळं भावात आलं. पण कनकी घेतली तरी तिच्यात खडे नसावेत, एवढं तर आमच्याकडे सगळ्यात गरीब गिऱ्हाईकही म्हणतं, आणि दुकानदार ऐकून घेतो. कुठल्याही आकड्यावर उघडणारं कुलूप हा खडा. दोन रिबिटांवर लटकलेलं हँडल हा खडा. ७,९९९ ची चिठ्ठी हा तर गोटाच. तुकडा चालेल, तुकडा तुकडा म्हणून विकला तर. माझा राग बॅगेच्या दर्जावर नव्हता. तिला नाव नव्हतं, यावर होता. बाजारात सगळ्याच बॅगा अख्खा तांदूळ म्हणून उभ्या होत्या.

आणि खरं सांगायचं तर, बॅगेनंही माझ्याबद्दल काही अपेक्षा ठेवल्याच असतील. की हा माणूस माझ्यावर बसणार नाही.

दुरुस्त झालेली बॅग आणखी एकदा पुण्याला जाऊन आली. परत आली तेव्हा दांडा वर अडकला होता, खाली जाईना. ऑटोत तिला मांडीवर घेऊन बसावं लागलं, आणि दांडा शेजारच्या प्रवाशाच्या कानाशी. आता ती घरात धानाचं बियाणं सांभाळते. उंदरांना तिची चेन उघडता येत नाही. आम्हालाही येत नाही.

मग मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकान तिथंच होतं, गॅरंटीप्रमाणे. या वेळी एकटाच गेलो, टिचकी मारली नाही, चिठ्ठीही पाहिली नाही. साधारण तेवढ्याच किमतीची एक निळी बॅग खाली काढायला लावली. पट्ट्याची शिलाई पाहायला वाकलो, तशी दुकानदारानं भुवई वर केली. हँडल धरून हलवलं. प्रत्येक चेन दोनदा उघडली, दोनदा लावली. कुलूप सात-सात-सातवर लावून आठ-आठ-आठवर ओढून पाहिलं. नाही उघडलं.

"सर, इम्पोर्टेड है."

"ते राहू द्या. पुन्याच्या किती फेऱ्या होतील?"

तो गप्प झाला. हा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारला नव्हता. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दारातल्या पोराला चहा आणायला पाठवलं. मग बॅग स्वतःच्या हातात घेतली, आडवी केली, एक चाक बोटानं फिरवलं, खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. राइस मिलमध्ये व्यापारी तांदळाची मूठ तळहातावर पसरून पाहतो ना, तसं.

"चार," तो हळू आवाजात म्हणाला. पहिल्यांदाच मराठीत. "जिन्यानं चढवली त तीन."

मी पैसे दिले. घासाघीस केली नाही.

परवा पुण्याहून मुलीचा फोन आला. घरी पोचल्याचं सांगितलं, डाळ ओली झाली नाही हे सांगितलं. मी विचारलं, "बॅग?"

"तिसरी फेरी झाली बाबा."

"जिना?"

"लिफ्ट होती."